खाजनाचा बांध फुटतो तेव्हा नेमके काय होते?

पावसाळा सुरू झाला की गोव्याच्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते. अमुक गावात बांधाला भगदाड पडले, तमुक ठिकाणी मानस कोसळली, शेती खाऱ्या पाण्याखाली गेली. चार ओळींचा मजकूर आणि गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या दोन शेतकऱ्यांचा फोटो. पणजी-मडगावात फ्लॅटमध्ये राहणारा वाचक ती वाचतो आणि पान उलटतो. बांध, मानस, खाजन हे शब्द त्याच्या कानावरून गेलेले असतात, पण त्यांचा एकमेकांशी काय संबंध हे त्याला कुणी बसून सांगितलेले नसते.

मग पाच-सात वर्षांनी त्याच जागेची दुसरी बातमी येते. आता शेतात खारफुटीची झाडे उगवलेली असतात. शेतकऱ्याला ती काढायची आहेत, कायदा हात लावू देत नाही. एक बाजू म्हणते झाडे वाचवा, दुसरी म्हणते आमची जमीन वाचवा. वाचक आणखी गोंधळतो. झाडे आली म्हणजे चांगलेच झाले ना? मग हा माणूस हवालदिल का?

माझे आजोळ चोडणला, मांडवीच्या बेटावर. लहानपणीच्या सुट्ट्या त्या बांधांवर गेल्या, म्हणून हा प्रश्न कुणी विचारला की मला राहवत नाही. तर अगदी पहिल्यापासून सांगतो.

खाजन म्हणजे काय?

गोव्याच्या नद्या समुद्राला मिळण्याआधी बराच काळ सपाटीवरून रेंगाळत वाहतात. तेरेखोल, शापोरा, मांडवी, झुआरी, साळ, तळपण, गालजीबाग, सगळ्यांची हीच तऱ्हा. त्यामुळे समुद्राची भरती नदीत खूप आतपर्यंत चढते. मांडवीत उन्हाळ्यात भरती-ओहोटीचा परिणाम मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत, गांजेपर्यंत जाणवतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती आणि ओहोटीच्या पातळीत दोन मीटरच्या आसपास फरक पडतो. म्हणजे नदीकाठची सखल जमीन दिवसातून दोनदा खाऱ्या पाण्याखाली जाणार आणि दोनदा उघडी पडणार. तशी ती मुळात जातच होती. तिथे चिखल होता आणि खारफुटी होती.

आपल्या पूर्वजांनी काय केले, तर या दलदलीच्या काही भागाभोवती मातीचे बांध घातले. बांधाच्या आतली जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खालीच राहिली. काठ असलेली रिकामी परात पाण्याच्या टाकीत धरून ठेवावी, काठ पाण्याच्या वर आणि तळ खाली, तसे हे आहे. या परातीला गोव्यात खाजन म्हणतात. गोव्यात भातशेतीच्या जमिनी तीन प्रकारच्या मानतात. उंचावरची ती मोरड, रेताड ती केर आणि खाऱ्या पाण्यापासून राखलेली ती खाजन. खाजनांचे क्षेत्र सुमारे १८ हजार हेक्टर असल्याचे सर्रास सांगितले जाते. तिसवाडी, बार्देश, फोंडा, सासष्टी या तालुक्यांत नदीच्या कडेने जे हिरवे सपाट पट्टे दिसतात, त्यांतले बहुतेक हेच.

ही व्यवस्था किती जुनी? पोर्तुगीज महसूल अधिकारी अफोंसो मेशिया याने १५२६ साली गोव्यातल्या गावकाऱ्यांचे रीतिरिवाज लिहून काढले, तेव्हा ती रुळलेली होती. गावकारी म्हणजे गावच्या जमिनीची सामाईक व्यवस्था पाहणारी संस्था, जिला पुढे कोमुनिदाद हे नाव पडले. बांध कुणी बांधायचा, फुटला तर रात्री-अपरात्री कुणी धावायचे, न येणाऱ्याला दंड किती, हे सारे गावकारी ठरवत असे.

मानस: हात न लावता उघडणारे दार

परातीचा काठ पक्का केला तरी एक अडचण उरते. गोव्यात पावसाळ्यात ३ हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. तो परातीतही पडणार. ते पाणी बाहेर कसे जायचे?

त्यासाठी बांधात एक दगडी मोरी ठेवतात आणि तिला लाकडी दारे बसवतात. हीच मानस. दारे फक्त नदीच्या बाजूला उघडतात. भरती चढू लागली की नदीचे पाणी बाहेरून दारे दाबते आणि ती मिटतात. ओहोटी लागली की नदीची पातळी खाली जाते, आतले पाणी उंच राहते, ते दारे ढकलते आणि बाहेर पडते. विहिरीवरच्या पंपाला आपण फूट व्हॉल्व्ह लावतो ना, जो पाणी एकाच दिशेने जाऊ देतो, तेच हे तत्त्व. वीज नाही, मोटार नाही. दारे हलवण्याचे काम चंद्र करतो.

मी सात-आठ वर्षांचा असताना मामांनी पहिल्यांदा रात्री मानशीवर नेले. ओहोटी संपत आली होती. पेट्रोमॅक्सच्या उजेडात दारांतून बाहेर पडणारे गढूळ पाणी हळूहळू मंदावले, मग अगदी थांबले. काही क्षण कुठलाच आवाज नव्हता. मग दोन्ही दारे आपसूक सरकली आणि लाकडावर लाकूड आपटल्याचा एक जाड, ओला आवाज झाला. मी दाराला हात लावायला पुढे झालो तर मामा म्हणाले, "हात लावू नको रे बाबा. ती पाण्याचं ऐकते, आपलं नाही." दारांच्या फटीत त्यांनी पेंढा आणि चिखल थापला आणि आम्ही घरी आलो.

भात, मासे आणि मीठ, एकाच जागी

खाजनाचे वर्षभराचे वेळापत्रक कळले की पुढचे सगळे सोपे होते.

जूनमध्ये पहिले पाऊस जमिनीतला खार धुऊन काढतात. तो मानशीतून नदीत जातो. मग भात पेरतात. इथला जुना भात म्हणजे कोरगुट. तो थोडा खार सोसतो, उंच वाढतो, पाण्यात उभा राहतो. आता बऱ्याच ठिकाणी ज्योती घेतात. ती जास्त पिकते, पण खाऱ्या पाण्याचा एक फटका बसला की कोरगुटासारखी तग धरत नाही. भात कापला की काही ठिकाणी मिरची, वांगी, भाजी लावतात. पणजीजवळच्या रायबंदरच्या वाटेवर किंवा पेडण्यातल्या आगरवाड्यात याच जातीच्या जमिनीत मिठागरे चालली.

मानशीच्या आतल्या बाजूला एक खोल तळे असते, पोंय म्हणतात त्याला. भात कापल्यानंतर थोडे खारे पाणी मुद्दाम आत घेतात आणि त्याबरोबर माशांची पिले येतात. ती पोंयीत आणि शेतातल्या चरांत वाढतात. ओहोटीला दारे उघडली की मानशीच्या तोंडाशी बांधलेल्या जाळ्यात सुंगटे, काळुंदर, शेवटे, कधी नशीब असले तर चोणक. ही मासळी धरण्याच्या हक्काचा लिलाव होतो आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी व्हावी अशी जुनी रीत होती.

म्हणजे नदीचे पाणी सरसकट शत्रू नव्हे. ते केव्हा आत घ्यायचे, किती घ्यायचे आणि केव्हा अडवायचे, याचा ताळमेळ म्हणजे खाजन. फोंडा तालुक्यात बोरी, दुर्भाट या भागांत पौष अमावास्येला शेतकरी खाजनात चिखलाची मगर करून तिची पूजा करतात. मांगे थापणी म्हणतात तिला. कुंभारजुव्याच्या पात्रात खऱ्या मगरी आजही आहेत. ज्या पाण्याच्या बरोबरीने जगायचे त्यातल्या सर्वांत धोकादायक जिवालाही मान देणारी ही माणसे होती. पर्यावरण हा शब्द यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

मग खारफुटीची जागा कुठली?

खारफुटी म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांचा गट. कांदळ, तिवर, चिपी ही त्यातली ओळखीची नावे. साध्या झाडाला खारे पाणी घातले तर ते मरते. ही झाडे मीठ मुळाशीच गाळतात, काही पानांवाटे बाहेर टाकतात. तिवराचे पान उन्हात पाहिले तर त्यावर मिठाचे कण चमकताना दिसतात. चिखलात हवा नसते, म्हणून तिवराची मुळे पेन्सिली रोवल्यासारखी वर येतात आणि हवेतून श्वास घेतात. कांदळाचे बी झाडावरच रुजते. त्याचा हिरवा, हातभर लांबीचा कोंब खाली लोंबतो आणि चिखलात पडला की उभाच्या उभा रुतू शकतो.

बांधाच्या बाहेर, नदीच्या बाजूला, खारफुटीचा पट्टा असला की लाट बांधावर थेट आपटत नाही. मुळांच्या जाळीत तिचा जोर मोडतो, गाळ तिथेच बसतो. याच मुळांत माशांची पिले लपतात, खेकडे बिळे करतात. आपण ताटात घेतो त्या कितीतरी माशांचे बालपण तिथे गेलेले असते. शिवाय हवा नसलेल्या चिखलात पडलेला पाला लवकर कुजत नाही, त्यामुळे झाडांनी हवेतून घेतलेला कार्बन जमिनीतच दीर्घकाळ राहतो. २०२१ च्या राष्ट्रीय वन सर्वेक्षणात गोव्यातले खारफुटीचे क्षेत्र २७ चौरस किलोमीटर नोंदले गेले. चोडणचे सलीम अली पक्षी अभयारण्य त्यातलेच, जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचे.

जुन्या मंडळींच्या डोक्यात हिशेब स्वच्छ होता. बांधाच्या बाहेर खारफुटी, आत भात. मधला बांध दोघांच्याही कामाचा. गोव्यातला सगळा वाद ही रेघ पुसली गेल्याने सुरू होतो.

बांध फुटला की पुढे काय

आता बातमीकडे येऊ. भगदाड पडले. पहिल्या भरतीला शेतात खारे पाणी शिरते आणि उभे पीक जाते. हे नुकसान सर्वांना दिसते. न दिसणारे त्यानंतर घडते.

भगदाड बुजवायला उशीर झाला की दिवसातून दोनदा पाणी आत-बाहेर करते आणि तोंड रुंद होत जाते. सुरुवातीला पाच-दहा माणसे चिखल, पेंढा, चिरे घेऊन एका ओहोटीत जे काम करतील, त्याला महिन्याभराने यंत्र लागते आणि वर्षभराने निविदा. तोवर माती खारट झालेली असते. पुढच्या पावसाने ती धुतली जाईल म्हणावे, तर मानशीची यंत्रणाच मोडलेली असल्याने धुतलेला खार पुन्हा परत येतो. शेजारच्या शेतकऱ्याचा बांध शाबूत असला तरी पाणी जमिनीखालून पाझरते. काठावरच्या घरांच्या विहिरी मचूळ होऊ लागतात. हळूहळू एकेक जण शेत सोडतो.

सोडलेल्या शेतात भरतीबरोबर खारफुटीचे बी येते. चार पावसाळ्यांत डोक्याइतकी झाडे होतात. आता ती कायद्याने संरक्षित. शेतकऱ्याने बांध बांधून पुन्हा शेती करायची म्हटली तर झाडांचे काय, हा प्रश्न पुढ्यात.

बांध का फुटतात?

भरती-पाऊस तर पूर्वीही होते. मग आताच एवढे का?

पहिले कारण जबाबदारीचे. १९६४ च्या कूळ कायद्याने आणि पुढे १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळाला. तो मिळायलाच हवा होता, पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्यांचा तो न्याय होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण बांध ही गोष्ट एका शेतापुरती नसते. गावकारीकडून ती जबाबदारी सुटली आणि १९७५ च्या नियमांनी ती कूळ संघटनांवर आली. काही गावांत या संघटना जिवंत आहेत, छान काम करतात. अनेक गावांत त्या कागदावर उरल्या, कारण कुळांची पुढची पिढी नोकरीला गेली.

दुसरे कारण मासळीचे. लिलाव घेणाऱ्याला जास्त मासळी हवी, म्हणजे जास्त खारे पाणी आत हवे. मग पावसाळ्यातही दारे पुरती मिटू दिली जात नाहीत किंवा अर्धवट अडकवून ठेवली जातात. भात बुडतो, मासळी वाढते. कोळंबी शेतीला तेजी आली तेव्हा बांध मुद्दाम फोडल्याच्या तक्रारीही गावागावांतून झाल्या. एकाच पाण्यावर भात आणि मासे दोघांचा संसार चालत होता, त्यात एकाने सारे घर बळकावावे तसे झाले.

खनिजवाहू बार्जांच्या लाटांनी मांडवी, झुआरी आणि त्यांना जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या पात्रातले बांध पोखरले. खाणींची माती पावसाबरोबर नदीत उतरून तळ वर आला. नदीतली रेती बेसुमार काढल्याने काही ठिकाणी काठच खचले. आणि रस्ते. खाजनातून भराव टाकून रस्ता नेला आणि खाली पुरेशा मोऱ्या ठेवल्या नाहीत तर पाण्याची जुनी वाट बंद होते. पणजी आणि रायबंदर जोडणारा पोंत द लिन्यारिश हा सुमारे तीन किलोमीटरचा बांधरस्ता १६३० च्या दशकातला. पाण्याला जाऊ देण्यासाठी त्याला कमानी ठेवल्या आहेत आणि आजही त्यावरून बसगाड्या जातात. चारशे वर्षांपूर्वी जे सुचले ते आज का सुचू नये?

"झाडे आपोआप आली आहेत, तर येऊ द्यावीत की"

हा आक्षेप मी सर्वांत जास्त वेळा ऐकतो आणि तो मनापासून घेतलेला असतो. त्याला एका शब्दात उत्तर देता येत नाही.

जिथे तीस-चाळीस वर्षांपूर्वी बांध गेला, शेती कायमची सुटली, खारफुटी दाट झाली, पक्षी आले, तिथे ती झाडे आता नदीचाच भाग झाली आहेत. ती राखावीत. बाहेरच्या बाजूची खारफुटी तर जिवापाड राखावी. पण जिथे दोन-तीन वर्षांपूर्वी भगदाड पडले, शेतकरी अजून आशेवर आहे, तिथे आलेली कोवळी रोपे ही दुरुस्तीत झालेल्या दिरंगाईची खूण आहे. ती निसर्गाची भरभराट समजणे म्हणजे गळक्या छपराखाली उगवलेले शेवाळ पाहून बाग फुलली म्हणण्यासारखे. शिवाय खुद्द बांधावर रुजलेली झाडे चिऱ्यांच्या फटी रुंद करतात. या सगळ्या जागांना एकच नियम लावला जातो, तिथे घोळ होतो.

एक धोकाही आहे आणि तो लपवू नये. "ही खाजन जमीन आहे, खारफुटी काढू द्या" म्हणून परवानगी घ्यायची, झाडे काढायची आणि मग भात न लावता भराव टाकायचा. खारफुटी काढू देण्याला जे विरोध करतात त्यांची भीती याचमुळे आहे आणि ती रास्त आहे. म्हणून परवानगी आधी नको. आधी बांध आणि मानस दुरुस्त व्हावी, आणि झाडांना हात लावायचा तर त्यानंतर, गावासमोर, शेती होणार याची खात्री पटल्यावर.

"काँक्रीटची पक्की भिंत का घालत नाहीत?"

खाजनाची माती लोण्यासारखी मऊ असते. तिच्यावर जड भिंत ठेवली की ती एका जागी जास्त, दुसऱ्या जागी कमी खचते आणि तडा जातो. तड्यातून पाणी खालची माती पोखरते आणि वरून ठणठणीत दिसणारी भिंत एके दिवशी बसते. मातीचा बांध थोडा खचला तरी एकसंध राहतो आणि त्याला दरवर्षी हातांनी भर घालता येते. लाटांचा मारा असलेल्या बाजूला चिऱ्यांचे पिचिंग, म्हणजे दगडी अस्तर, पूर्वीपासून करत आले आहेत, तेवढे योग्यच. मानशीच्या मोरीला आज काँक्रीट वापरायलाही हरकत नसावी. पण संपूर्ण बांध काँक्रीटचा केला की लोकांना वाटते आता पाहायची गरज नाही. बांध रोज पाहावा लागतो. खेकड्याचे एक बीळही पुरते.

"शेती परवडत नाही, मग जमीन अडवून का ठेवायची?"

शेती परवडत नाही हे खरे आहे. मजूर मिळत नाहीत, चिखलात यंत्र रुतते, पीक वर्षातून बहुधा एकदाच. शेतकऱ्याला हे खोटे आहे असे सांगणाऱ्याने आधी एक हंगाम तिथे काढावा.

पण खाजन भात सोडून आणखी एक काम करते आणि त्याचे पैसे त्याला कुणी देत नाही. समजा, जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली. मानस मिटलेली, पाणी नदीत जाऊ शकत नाही. ते ओहोटी येईपर्यंत थांबणार कुठे? खाजनात. देवळाचे दार उघडेपर्यंत भाविक जसे सभामंडपात थांबतात, तसे. मंडपात दुकाने थाटली तर गर्दी रस्त्यावर येणार. पणजीचा मोठा भाग अशाच सखल जमिनीवर भराव टाकून उभा राहिला आहे आणि भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस झाला की शहरात पाणी का तुंबते, याचे एक मोठे कारण तिथे आहे. मेर्शी, सांताक्रूझ भागांतले खाजन भरत गेले तर त्या पाण्याने कुठे जावे?

म्हणून माझे मत असे की खाजन राखणाऱ्याला त्या राखणीचे पैसे मिळावेत. आज पीक बुडाले की शेतकरी आधार निधीतून भरपाई मिळते. पीक बुडूच नये म्हणून मे महिन्यात बांध पाहणाऱ्या माणसाला मात्र काही मिळत नाही. हे उलटे आहे.

"समुद्रच वाढतो आहे, मग हा खटाटोप कशाला?"

गेल्या शतकभरात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली आणि वेग वाढतो आहे. भरतीच्या पातळीखाली असलेल्या जमिनीला ते जाणवणारच. काही बाहेरची खाजने पुढे सोडून द्यावी लागतील, हे मान्य करायला हवे. पण कुठली सोडायची हे ठरवून सोडणे वेगळे आणि भगदाड पडले म्हणून हरवणे वेगळे. बांधाच्या बाहेर खारफुटी असेल तर ती गाळ धरून जमीन वर उचलते, वाढत्या पाण्यापुढे ती काही काळ तरी टिकते. नुसत्या भिंतीला हे जमत नाही.

याच वादाचे दुसरे टोक वर, डोंगरात आहे. मांडवीला वर म्हादई म्हणतात. म्हादई जललवादाने २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिले, त्यातले ३.९ टीएमसी खोऱ्याबाहेर मलप्रभेकडे वळवायचे. या निवाड्याला तिन्ही राज्यांनी सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले आहे. आपण या भांडणाकडे पिण्याच्या पाण्याचे म्हणून पाहतो. पण नदीत गोडे पाणी वरून दाबते म्हणून खारे पाणी विशिष्ट जागी थांबते. वरचा दाब कमी झाला, विशेषतः कोरड्या महिन्यांत, तर खार आणखी वर सरकणार आणि आज जिथे बांधाची गरज नाही अशा गावांनाही ती पडणार.

किनाऱ्यावर हाच नियम, वाळूच्या रूपात

समुद्रकिनाऱ्यावर बांधाचे काम वाळूच्या टेकड्या करतात. पावसाळ्यात लाटा किनाऱ्याची वाळू ओढून नेतात, उन्हाळ्यात पुष्कळशी परत आणून टाकतात. टेकडी म्हणजे या व्यवहारातली बँकेतली ठेव. अडीअडचणीला ती मोडायची आणि बरे दिवस आले की पुन्हा भरायची. मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा या वनस्पती ती वाळू धरून ठेवतात. कांदोळी-कळंगुट भागात या टेकड्यांची सलग रांग होती, तिचे आता तुकडे झाले आहेत. टेकडी सपाट करून हॉटेलची हिरवळ केली की ठेव संपली. मग समुद्र थेट कुंपणाशी येतो आणि सरकारकडे दगडी भिंतीची मागणी होते. भिंतीवर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळूही घेऊन जाते.

मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. पिले रात्री बाहेर पडतात आणि जिकडे उजेड तिकडे जातात, कारण काळोख्या किनाऱ्यावर सर्वांत उजळ असते ते समुद्रावरचे आभाळ. टेकडी असली की मागच्या वस्तीचा उजेड झाकला जातो. टेकडी गेली आणि दिवे लागले की पिले उलटी चालू लागतात.

कायदा काय म्हणतो

किनारा नियमन क्षेत्राचे नियम, ज्यांना सगळे सीआरझेड म्हणतात, १९९१ साली आले. २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी स्वतंत्र तरतूद केली गेली. खाजन जमिनींचे नकाशे करावेत, त्यांच्या व्यवस्थापनाचा आराखडा करावा, तिथली खारफुटी राखावी, खाजनात विकासकामांना परवानगी नाही, वाळूच्या टेकड्यांवर बांधकाम नाही, वरच्या चारही कासव-किनाऱ्यांचा आराखडा करावा, असे त्यात म्हटले आहे. कागद चांगला आहे. पण "करू नका" सांगणारा कायदा खाजनाला पुरत नाही. जंगल नुसते सोडून दिले तरी वाढते. खाजन सोडून दिले की मरते. त्याला वर्षातून निदान एकदा कुणीतरी माती लावावी लागते, दाराची फट बुजवावी लागते. आराखड्यात प्रत्येक मानशीपुढे ती पाहणाऱ्या माणसाचे नाव आणि त्याचा पगार नसेल तर तो आराखडा नकाशापुरता.

तुमच्या गावात खाजन असेल तर एप्रिल-मे महिन्यात ओहोटीची वेळ पाहून मानशीवर जा. दारे लाकडाची आहेत का, दोन्ही हलतात का, कुणी मध्ये दगड किंवा दोरी अडकवली आहे का, बांधावर ओलसर डाग कुठे आहेत, बाहेरच्या बाजूला खारफुटी आहे की नुसता उघडा चिखल, हे डोळ्यांना दिसते. जे दिसले ते फोटोसह ग्रामसभेत मांडा, आणि मांडायचे ते पावसाआधी. जुलैत मांडलेला विषय पुढच्या वर्षाचा असतो.

मामा आता थकले आहेत, पण शेत सोडलेले नाही. गेल्या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडल्यावर मी त्यांच्याबरोबर बांधावर गेलो. शेतात वीतभर पाणी साचले होते. शेजारच्या मुलाने विचारले, "काका, पेरायचं का उद्या?" मामा खाली वाकले, पाण्यात बोट बुडवले, जिभेला लावले आणि थुंकले.

"अजून खारट आहे," ते म्हणाले. "आणखी दोन पाऊस पडू दे."